साडेतीन चालींचा मास्तर

भिमाजी मास्तरानं उभ्या हयातीत दोनशेच्या वर गाणी केली आणि चाली केल्या साडेतीन. ही कुणा जळकुट्यानं उठवलेली कंडी नव्हे, त्याला स्वतःलाच ते पक्कं ठाऊक होतं. एक चाल वाढदिवसाची, एक पाहुण्यांच्या स्वागताची, एक निवडणुकीची आणि अर्धी ग्रामपंचायतीच्या घंटागाडीची. अर्धी अशासाठी, की पुढचं सुचायच्या आत सरपंचानं गाडीला हार घालून ती गावभर सोडली. तेव्हापासून ती गाडी ओला कचरा सुका कचरा करत येते, आणि चाल जिथं वर चढायला पाहिजे तिथंच गपकन खाली बसते. लोकांना वाटतं, बॅटरी उतरली.

पण लोक मोठे गोड! पेटी वाजवणारा दिसला की मास्तर म्हणायचं आणि कार्यक्रम उरकला की हातात नारळ ठेवायचा, एवढ्यावर भिमाजीची सत्तरी आली. नारळ इतके झाले की त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, कित्येक वर्षं दुकानातनं खोबरं आणलं नव्हतं.

आता या सारजाबाईचं सांगितल्याशिवाय पुढं सरकताच येत नाही. निरगुडसरच्या शिवारात धरणानं उठवलेल्या लोकांची एक वसाहत आहे, तिथं हे दोघं राहतात. मूळची वाडी वर डोंगरात, नाव हिरडेवाडी. भाताची खाचरं, उतारावर वरई-नाचणी आणि घराघरामागं हिरड्याची झाडं. तीस-बत्तीस वर्षांमागं ती सगळी पाण्याखाली गेली. जायच्या आधी वाडीनं कचेरीपुढं ठाण मांडलं होतं, तेव्हा भिमाजीनं एक गाणं केलं आणि सारजाबाईनं ते म्हटलं. आणि काय म्हटलं! कचेरीतला साहेब खिडकी लावायला उठला तो लावायचं विसरून तिथंच उभा राहिला. वाडी वाचली नाही ती नाहीच. पण गाणं कुणीतरी टेपरेकॉर्डरवर घेतलं आणि ती कॅसेट भिमाजीकडं आली. कुणी सांगितलं नाही, कुणी सुपारी दिली नाही, आणि तरी सुचली, अशी त्याच्या आयुष्यातली ती एकच चाल.

तिचं पुढं काय झालं ते ऐका. वसाहतीत येऊन दोन वर्षं झाली होती. ज्यांचं घरदार धरणात बुडालं त्यांच्या नळाला पाणी नव्हतं, ही आपल्याकडची गंमत. निवडणूक लागली. अमृतराव कपबशी या चिन्हावर उभे होते. ते दुपारी आले आणि ओट्यावर टेकून म्हणाले, “मास्तर, उद्या सकाळी जीप फिरवायची हाय. एक फक्कड गाणं पायजे. निवडून आलो की पयला नळ वसाहतीला, शब्द देतो.”

भिमाजीनं पेटी काढली. वाढदिवसाची चाल लावून पाहिली, ती निवडणुकीला शोभेना. स्वागताची लावली, ती रडकी वाटायला लागली. दिवस कलायला आला आणि बोटं आपसूक त्या एका चालीवर गेली. जरा पळवली, खाली ढोलकी घातली, आणि बघता बघता जमलं की! कोरी कॅसेट घरात नव्हती, मंचरचं दुकान बंद झालेलं. मग त्यानं हिरडेवाडीची कॅसेट घातली आणि तिच्यावरच लाल बटण दाबलं.

‘आले आले हो अमृतराव आले, कपबशीचे दिवस आले!’

दुसऱ्या दिवशी जीप वसाहतीतनं गेली तेव्हा सारजाबाई दारात वरई पाखडत होती. सूप हातात तसंच राहिलं. ती भांडली नाही, रडली नाही. नवऱ्याला वेळेवर वाढलं, पाण्याचा तांब्याही ठेवला. पण त्या दिवसापासून तिनं तोंडातनं सूर काढला नाही. हळदीला नाही, बारशाला नाही. नातू झाला तर त्यालासुद्धा नुसतं थोपटायची, मुकाट्यानं. अमृतराव निवडून आले. वसाहतीला नळ आला, पाणी मागनं येणार होतं.

पुढच्या निवडणुकीत छत्रीवाले रामनाथशेठ आले. “मास्तर, त्या चालीत गुण हाय राव. औंदा ती आमाला पायजे.” भिमाजीला आयुष्यात एक शब्द कधी उच्चारता आला नाही, तो म्हणजे ‘नाही’. मग कपबशीच्या जागी छत्री आली, अमृतरावांच्या जागी रामनाथ आले. तेव्हापासून दर निवडणुकीला दोन जीपा एकाच चालीवर गावं घुमवतात. एक सकाळी, एक संध्याकाळी. इतक्या वर्षांत दोन्ही एका चौकात कधी आल्या नाहीत, हे भिमाजीचं नशीब.

इथवर ठीक होतं. माणूस पोटासाठी काय काय करतो, त्यात एवढं काय! पण तीन वर्षांमागं तापानं अंथरुणाला खिळला असताना भिमाजीला ते मूळ गाणं गुणगुणावंसं वाटलं. चाल आली. शब्द येईनात. डोळे मिटले, हिरडेवाडी आठवली, देवळाची पायरी आठवली, आणि तोंडातनं आलं काय, तर ‘कपबशीचे दिवस आले’. पुन्हा केलं तर छत्री आली. ज्यानं गाणं केलं त्याच्याच डोक्यातनं ते पुसलं गेलं होतं, आणि वर प्रचार बसला होता. त्या दिवशी तो सत्तरीला टेकलेला गडी उशीत तोंड खुपसून रडला.

शब्द आता जगात एकाच माणसाला ठाऊक होते. पण मागायचे कुठल्या तोंडानं? तरी त्यानं तीनदा विचारलं. दोनदा सारजाबाईला ऐकूच गेलं नाही. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “भाजीत मीठ कमी हाय का?” आणि उठून गेली. मरायच्या आधी ते शब्द एकदा कानावर पडावेत, एवढी एकच गोष्ट भिमाजीला आता हवी होती. बाकी नारळ पुष्कळ झाले होते.

अशात एके दिवशी ऋतिक उगवला.

ऋतिक वारूळवाडीचा. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, निदान त्याच्या आईची तशी समजूत होती. मोबाइलवर मात्र त्याचं नाव ‘बिबट्या बीट्स’. आता बोला! ज्या मुलखात माणसं बिबट्याच्या धास्तीनं दिवस मावळायच्या आत शेरडं घरात घेतात, तिथं या पठ्ठ्यानं तेच नाव लावून घेतलं. कानावर वाटीएवढे हेडफोन, पाठीवर लॅपटॉप आणि खांद्यावर एक गोणी. गोणीत प्रचाराच्या जीपांना भोंगे पुरवणाऱ्या त्याच्या मामाच्या मंडप-स्पीकरच्या दुकानातल्या कॅसेटा होत्या, माळ्यावर सडत पडलेल्या.

“मास्तर, तुमी लिजेंड हाय,” तो पाया पडून म्हणाला. “मी हिप-हॉपचा अल्बम करतोय. पूर्ण तुमच्या सॅम्पलवर. दुसऱ्या कुणाचा एक सूर घेणार न्हाई.”

“सॅम्पल म्हंजी? व्यापारी क्रेटातलं वरचं टोमॅटो दाबून बघतो ते?”

“तसंच समजा. तुमच्या गाण्यातला दोन सेकंदाचा तुकडा घ्यायचा, कापायचा, उलटापालटा करायचा, आन तोच तोच वाजवायचा. खाली बीट टाकायची. गाणं नवं.”

भिमाजीनं विचारलं, “आन याला कॉलेजात शिकवत्यात?”

“न्हाई, हे मी आपलं आपण शिकलो.”

“मीबी,” भिमाजी म्हणाला.

तर पोरगं तोंडाळ होतं, पण कामाला चोख. त्यानं गोणी ओट्यावर पालथी केली आणि एकेक कॅसेट लावून घेतली. त्यात भिमाजीला ती दिसली. वरच्या चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात ‘हिरडेवाडी’, त्यावर काट आणि शेजारी ‘कपबशी’. आत सारजाबाई भाकऱ्या थापत होती. तिची थापटी मध्येच थांबली की त्याला तसं वाटलं, देव जाणे.

“ही नको,” तो हळूच म्हणाला. “हिच्यात काय न्हाई. वरनं भरलेली हाय.”

“राव, असली तर पयली पायजे!” ऋतिक म्हणाला आणि ती खिशात टाकून गेला.

महिन्याभरात अल्बम झाला आणि बातमी दोन्ही नेत्यांच्या वाड्यांवर पोचली. अमृतरावांना कळलं, आपल्या विजयगीताचा मोठा अल्बम निघतोय. रामनाथशेठनाही तेच कळलं, फक्त विजय त्यांचा. निवडणूक दारात होती. अमृतरावांनी मंडप दिला. मग रामनाथशेठ कसे मागं राहतील, त्यांनी स्पीकर दिले. ऋतिकला नुसतं चार मित्रांत गाणं वाजवायचं होतं, त्याचा वसाहतीच्या मारुतीपुढं ‘भव्य लोकार्पण सोहळा’ झाला. बिबट्यानं आदल्या आठवड्यात कुत्रं नेलेलं, म्हणून वेळ दुपारी चारची. फ्लेक्सवर उजवीकडं अमृतराव, डावीकडं रामनाथशेठ, दोघंही हात जोडून पुरुषभर उंच. खाली कार्यकर्त्यांची अठ्ठावीस तोंडं. आणि कोपऱ्यात, जिथं फ्लेक्स बांबूला बांधतात तिथं, ‘संगीतसम्राट भिमाजी मास्तर’. सुतळी नेमकी फोटोतल्या त्याच्या गळ्यावरनं गेली होती.

सारजाबाई येणार नाही असंच भिमाजीला वाटत होतं. पण ती आली. बायकांच्या शेवटच्या रांगेत सुनेशेजारी, उज्ज्वलाशेजारी, पदर सारखा करून बसली. देवा, आज जीप दारातनं नाही, डोक्यावरनं जाणार, मास्तराच्या मनात आलं.

नारळ झाले, शाली झाल्या. अमृतरावांनी कलेवर बोलताना खतांच्या गोण्यांवर भाषण केलं. रामनाथशेठनी त्याला उत्तर दिलं. मग ऋतिकनं लॅपटॉप उघडला.

एक सांगायचं राहिलं. कायद्याचं झेंगट नको म्हणून ऋतिकनं सगळ्या गाण्यांतली नावं कापली होती. नेत्याचं नाव जिथं यायचं तिथं ठोका चुकल्यासारखी जागा रिकामी. त्याच्या मते ती कला होती.

स्पीकर दणाणले. ‘आले आले हो... आले!’

रिकामी जागा आली आणि उजवीकडचे शंभर जण बेंबीच्या देठापासून ओरडले, “अमृतराव!”

पुन्हा ‘आले आले हो’, आणि डावीकडनं, “रामनाथशेठ!”

आता त्या गाण्यात ती जागा चाळीस वेळा होती. दर खेपेला आवाज चढत गेला. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. स्टेजवर दोन्ही नेते हसऱ्या चेहऱ्यानं आपापल्या लोकांना ‘आणखी जोरात’ म्हणून बोटं हलवत होते. मग ऋतिकनं आपली खास कारागिरी दाखवली. उजव्या स्पीकरमधनं कपबशीचं गाणं सोडलं, डाव्यातनं छत्रीचं, दोन्ही एकदम. सूर सुराला लागला, ठेका ठेक्याला. एका आईची लेकरं कधी लपतात का?

पुढच्या रांगेतल्या कुशाबाईनं, जिनं आजवर एका निवडणुकीला इकडं आणि दुसरीला तिकडं असं मत इमानानं वाटलं होतं, कपाळावर हात मारला. “अगं बया! हे तर येकच गाणं हाय की गं! तीस वर्सं आमाला येकच गाणं ऐकवलं!”

लोक हसले. आधी थोडे, मग सगळे. पोट धरधरून हसले. नेत्यांचं हसू मात्र जागच्या जागी वाळलं. अमृतरावांनी माइक ओढला. “मास्तर, पब्लिकला एकदा सांगून टाका. चाल मूळ कुणाची? पयली आमच्यासाठी केली का न्हाई?”

“पयली का असंना, गाजली छत्रीवर!” रामनाथशेठ बसल्या जागेवरनं म्हणाले.

भिमाजी उठला. “दोघांची न्हाई,” तो म्हणाला. “चाल हिरडेवाडीची. वाडी उठली तवाची. लोकांचं गाणं व्हतं ते.”

“मग म्हणा की!” गर्दीतनं कुणीतरी ओरडलं. “म्हणा मास्तर! मूळ गाणं होऊ द्या!”

पेटी पुढं आणली गेली. त्यानं सूर धरला, डोळे मिटले. सारजाबाई तिथं बसलीय, आज तरी येतील, आज तरी आले पाहिजेत, असं म्हणत त्यानं तोंड उघडलं.

“आले आले हो...”

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी! दोन्हीकडनं नावं फेकली गेली, शिट्ट्या झाल्या, कुणी टोपी उडवली. भिमाजी पेटीवर हात ठेवून तसाच बसून राहिला. इतकी लाज त्याला जीप दारातनं गेली त्या दिवशीही वाटली नव्हती. धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं उगीच म्हणतात, पण त्याला खरोखर तसं वाटलं.

ऋतिकला काय समजलं कुणास ठाऊक. त्यानं घाईघाईनं मधली सगळी गाणी गाळून शेवटचं लावलं. त्यात बीट नव्हती, ढोलकी नव्हती. जुन्या टेपची खरखर, आणि तीतनं एक बाई गायला लागली.

‘हिरड्याच्या फांदीला राह्यलं दावं,
गाय माझी इचारी, कुठं मी जावं...’

दोनच ओळी. मग खट्ट झालं आणि टेप संपली.

भिमाजीच्या ध्यानात आलं. कपबशीचं गाणं आखूड होतं! ते संपल्यावर टेपच्या शेपटाला जुन्या गाण्याचं शेवटचं कडवं तसंच राहिलं होतं, आणि इतकी वर्षं कुणी तिथवर ऐकलं नव्हतं. ऋतिकनं कॅसेट शेवटपर्यंत फिरू दिली म्हणून सापडलं.

“कोण गं ही बाई? काय गोड गळा हाय!” उज्ज्वला सासूला विचारत होती. पंधरा वर्षं एका घरात राहून तिनं तो आवाज ऐकलेला नव्हता. सारजाबाईनं पदर पुढं ओढला.

वसाहतीतले म्हातारे खाली मान घालून बसले. आणि तेवढ्यात रामनाथशेठ डोळे पुसत उठले, कारण माणूस मुळात हळवा.

“काळजाला भिडलं राव,” ते माइकवर म्हणाले. “मास्तर, औंदा हेच घ्या. तेवढं दावं काढा आन छत्री घाला.”

“छत्री कशी बसंल?” अमृतराव म्हणाले. “तिथं कपबशीच बसती. म्हणून बघा. हिरड्याच्या फांदीला राह्यली कपबशी.”

“फांदीला कपबशी राहील का, अमृतराव? फुटंल ना! छत्री कशी, लटकती तरी.”

दोघंही अनुभवी माणसं. हिरड्याच्या फांदीला काय टांगता येईल आणि काय नाही, यावर स्टेजवर गंभीर चर्चा सुरू झाली. एक कार्यकर्ता वहीत लिहून घ्यायला लागला. भिमाजी त्या दोघांकडं बघत होता. चाळिशीतला भिमाजी ओट्यावर बसला होता तेव्हाही हे असंच बोलणं झालं होतं, आणि तेव्हा त्यानं मान हलवली होती.

“न्हाई,” तो म्हणाला.

“काय न्हाई?”

“तिथं कायच बसायचं न्हाई. तिथं दावंच हाय.”

अमृतरावांनी माइक बंद केला आणि आवाज खाली आणला. “मास्तर, जरा इचार करा. वसाहतीच्या पाण्याचं काम मार्गी लागत आलंय.”

“तीस वर्सं लागतंयच, साहेब. लागू द्या. गाणं मिळायचं न्हाई.” मग तो रामनाथशेठकडं वळला. “तुमालाबी न्हाई. आन ती चालबी आता माघारी द्या. लई वाजवलीत.”

मागच्या रांगेत पदर हलल्यासारखा त्याला वाटला.

पुढचं सांगायला नको. दोन्ही नेत्यांचं तीस वर्षांत पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं. म्हातारा चळलाय, असं म्हणत दोघं एकाच गाडीत बसून गेले. मंडप अमृतरावांचा होता, तो लोक खाली बसलेले असतानाच सुटायला लागला. स्पीकर रामनाथशेठचे, त्यांच्या वायरी ओढल्या गेल्या. कुशाबाई खुर्चीतनं उठायला तयार नव्हती, तिला खुर्चीसकट चार हात लांब नेऊन ठेवली. दिवस खाली गेला होता, बिबट्याचं भय होतं, माणसं पोराबाळांना हाका मारत घरोघर पांगली. अर्ध्या तासात मारुतीपुढं उरलं ते रिकामं पटांगण, बांबूला एका बाजूनं लोंबणारा फ्लेक्स, पेटी, लॅपटॉप घेऊन बसलेला ऋतिक आणि भिमाजी.

“सॉरी मास्तर,” ऋतिक म्हणाला. “माझ्यामुळं सगळा राडा झाला.”

“तुझ्यामुळं न्हाई रं.”

तेवढ्यात सारजाबाई आली. उज्ज्वलाला तिनं पुढं धाडलं होतं. देवळाच्या पायरीवर बसली, गुडघे चोळले.

“ते शेवटचं कडवं,” ती म्हणाली. “मला वाटलं व्हतं, तुमी समदं पुसलं.”

ऋतिकनं डोळे मोठे केले. आवाज कुणाचा ते त्याला आत्ता उमगलं होतं. पोरगं मनानं चांगलं, मास्तराला सावरून घ्यायला लगेच पुढं झालं. “आजी, मास्तरांनी मुद्दामच राखून ठेवलं असंल. त्यांच्या काळजात...”

भिमाजीला ते किती सोपं होतं! नुसती मान हलवायची होती. जन्मभर तीच हलवली होती.

“न्हाई,” तो म्हणाला. आज हा शब्द त्याला सारखाच येत होता. “मी राखलं न्हवतं, सारजे. मी समदंच पुसायला बसलो व्हतो. प्रचाराचं गाणं आखूड पडलं, म्हणून तेवढं वाचलं. आन शब्दबी मी इसरलो. आज तुझ्याम्होरंच काय आलं तोंडात, ते ऐकलंस. माझ्याच्यानं आता ते यायचं न्हाई.”

सारजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. पुष्कळ वर्षांनी नीट, तोंडाकडं बघितलं. मग ती ऋतिककडं वळली.

“ए बिबट्या. तुझं यंत्र चालू हाय का?”

“बॅटरी हाय आजी, थोडी.”

“मग लाव. आन याच्यात तुझं ते धाडधूड घालायचं न्हाई. कापायचंबी न्हाई. जेवढं म्हणंन तेवढं समदं ठेवायचं.”

“न्हाई कापणार,” ऋतिक म्हणाला आणि पहिल्यांदाच कानावरचे हेडफोन गळ्यात घेतले.

भिमाजीनं पेटी पुढं ओढली. “सारजे,” त्यानं घाबरत घाबरत विचारलं, “पयला शब्द काय गं व्हता? तेवढा सांग, म्हंजी मीबी मागनं...”

“तुमी पेटी वाजवा,” सारजाबाई म्हणाली. “तोंड उघडू नका.”

त्यानं भाता मारला. तिनं घसा खाकरला, एकदा, दोनदा. सूर पहिल्यांदा निसटला, तिनं तो पुन्हा धरला.

‘गेली गेली गं वाडी माझी गेली,
पेटल्या चुलीवर लाट एक आली...’

भिमाजीनं ओठ दाताखाली गच्च धरले आणि पेटी वाजवत राहिला.